‘संत तुकाराम’ बोलपटास व्हेनिस येथें मिळालेला मान

(१)

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनें काढलेला व विष्णुपंत दामले आणि एस्. फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ हा बोलपट इ. स. १९३६ च्या डिसेंबर महिन्यांत मुंबईस प्रथम प्रदर्शित झाला. पुढील वर्षीं तो इटलींतील व्हेनिस शहरीं भरलेल्या पांचव्या आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सवांत दाखविला गेला व तेथें त्याचा गौरव झाला. इतकी गोष्ट निर्विवाद आहे. परंतु या गौरवाचें वर्णन करतांना ‘जगांतील तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटांपैकीं एक’ आणि ‘परदेशीं सन्मान पावलेला पहिला भारतीय बोलपट’ अशीं जीं दोन वाक्यें आपल्याकडे रूढ झालीं आहेत, त्यांची छाननी झालेली क्वचितच आढळते. ती करावी, व त्या मानाचें खरें स्वरूप काय होतें हें वाचकांपुढें ठेवावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

चित्रपट हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस कदाचित् परका वाटेल. परंतु पारितोषिक, प्रशस्तिपत्र, मानचिन्ह हीं सारीं एका अर्थीं सनदाच होत, आणि सनदेची परीक्षा कशी करावी हें येथील वाचकांस सांगणें नको. सनद हातीं आली म्हणजे आपण पाहतों तें इतकेंच : देणारा कोण, त्याचा अधिकार कोणता, सनदेंतील शब्द नेमके कोणते, आणि तशीच सनद त्याच वेळीं आणखी किती जणांस मिळाली. वतनाच्या कज्जांत या चार प्रश्नांनीं पुष्कळ फुगीर दावे खालीं बसलेले आपण पाहिले आहेत, व पुष्कळ उपेक्षित हक्क उजेडांतही आले आहेत. तीच कसोटी आम्ही येथें लावणार आहों.

(२)

प्रथम देणाऱ्याचा विचार करूं. व्हेनिस येथें इ. स. १८९५ पासून दर दोन वर्षांनीं एक कलाप्रदर्शन भरत आलेलें आहे. त्यास तिकडे ‘बिएनाले’ म्हणजे द्वैवार्षिक असेंच म्हणतात. इ. स. १९३० मध्यें मुसोलिनीच्या सरकारनें हें प्रदर्शन नगरपालिकेच्या हातून काढून एका स्वतंत्र सरकारी संस्थेकडे सोंपविलें, व तिच्या अध्यक्षपदीं काउंट ज्यूसेप्पे व्होल्पी याची नेमणूक केली. हा गृहस्थ मोठा उद्योगपति असून १९२५ ते १९२८ पर्यंत मुसोलिनीचा अर्थमंत्री होता. या संस्थेनें १९३२ सालीं, ६ ऑगस्टपासून २१ ऑगस्टपर्यंत, व्हेनिसनजीकच्या लिडो बेटावर एक्सेल्सियर नांवाच्या हॉटेलाच्या गच्चीवर जगांतील पहिला चित्रपटमहोत्सव भरविला. त्या वर्षीं परीक्षकमंडळ नव्हतें. प्रेक्षकांकडूनच मतें घेण्यांत आलीं.

दुसरा महोत्सव १९३४ सालीं झाला. त्या वेळेपासून सर्वोत्कृष्ट इटालियन चित्रपटास एक व सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटास एक असे दोन ‘मुसोलिनी करंडक’ देण्याचा प्रघात पडला. तथापि या वर्षींही रीतसर परीक्षकमंडळ नव्हतें; बिएनालेच्या अध्यक्षानें तज्ज्ञांचीं व प्रेक्षकांचीं मतें विचारांत घेऊन निर्णय दिला. १९३५ पासून महोत्सव दरसाल भरूं लागला. आणि निरनिराळ्या राष्ट्रांतील परीक्षकांचें मंडळ प्रथम नेमलें गेलें तें १९३६ सालीं. म्हणजे ‘संत तुकाराम’ व्हेनिसला गेला त्या वेळीं आंतरराष्ट्रीय परीक्षकमंडळ ही संस्था अवघी एका वर्षाची होती. याच वर्षीं, १९३७ मध्यें, महोत्सवासाठीं लिडोवर स्वतंत्र चित्रपटभवनही उभें राहिलें.

या हकीकतीवरून दोन गोष्टी ध्यानीं येतात. एक, मान देणारी संस्था राजसत्तेच्या हातची होती व तिच्या सर्वश्रेष्ठ पारितोषिकास हुकूमशहाचेंच नांव होतें. दुसरी, त्या सत्तेच्या छायेंतच कां होईना, पण परस्परांस न ओळखणाऱ्या राष्ट्रांच्या कृति एकत्र पाहून एका मंडळानें त्यांचें तारतम्य ठरवावें, ही नवी पद्धति तेथें मूळ धरूं लागली होती. पुढें कान, बर्लिन आदि ठिकाणीं जी परीक्षकमंडळें प्रसिद्धीस आलीं त्यांचा उगम येथेंच आहे.

(३)

आतां १९३७ च्या निकालाकडे वळूं. त्या वर्षीं परदेशी चित्रपटाचा मुसोलिनी करंडक ज्यूलियाँ द्यूव्हिव्हिए याच्या ‘अँ कार्ने द बाल’ या फ्रेंच चित्रपटास मिळाला. इटालियन चित्रपटाचा करंडक कार्मिने गाल्लोने याच्या ‘स्किपिओने लाफ्रिकानो’ यास मिळाला. हा चित्रपट कार्थेजच्या हॅनिबलास जिंकणाऱ्या रोमन सेनापतीच्या आफ्रिकेंतील विजयाचा. इटलीनें अबिसिनिया गिळंकृत केल्याला तेव्हां पुरतें दीड वर्षही झालें नव्हतें. निवड कोणत्या वाऱ्यानें झाली हें निराळें सांगावयास नको. नटाचें पारितोषिक जर्मनीच्या एमिल यानिंग्स यास व नटीचें अमेरिकेच्या बेट्टी डेव्हिस हिला मिळालें. दिग्दर्शनाचें पारितोषिक रॉबर्ट फ्लॅहर्टी व झोल्तान कोर्डा या दोघांस ‘एलिफंट बॉय’ या चित्रपटाबद्दल मिळालें. हा चित्रपट किप्लिंगच्या एका कथेवरून रचलेला. त्याचा बराच भाग म्हैसूर संस्थानांत चित्रित झालेला, व त्यांतील बालनट साबू हा तेथील माहुताच्या घरचा मुलगा. म्हणजे त्या वर्षीं हिंदुस्थान व्हेनिसच्या पडद्यावर दोन वाटांनीं आला होता : एकदां इंग्रजी कथेंतील हत्तींच्या अरण्यांतून, व एकदां देहूच्या वाण्याच्या घरांतून.

‘संत तुकाराम’ हें नांव या करंडकांच्या यादींत नाहीं. तें आहे विशेष शिफारशीच्या सदरांत. दामले व फत्तेलाल या दिग्दर्शकांच्या कृतीस तो मान देण्यांत आला, व त्याची साक्ष म्हणून प्रशस्तिपत्र मिळालें. तेव्हां ‘तीन सर्वोत्कृष्टांपैकीं एक’ हें वाक्य पारितोषिकांच्या यादीशीं जुळत नाहीं. यादींत क्रम लावलेला नाहीं. पहिले तीन असा वर्गही नाहीं. मीमांसकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर हें वाक्य विधि नव्हे, अर्थवाद आहे. स्तुतीसाठीं तें योग्यच. प्रमाण म्हणून उद्धृत करण्यास मात्र योग्य नाहीं.

अशीं वाक्यें कशीं रूढ होतात याचें एक उदाहरण याच बोलपटांत आहे, व हस्तलिखितांच्या अभ्यासकांस तें विशेष रुचेल. या बोलपटासाठीं शांताराम आठवले यांनीं बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टांताचें एक पद नवें रचलें. त्याची ठेवण तुकोबांच्या वाणीशीं इतकी मिळती आहे कीं, पुष्कळांनीं तो तुकोबांचाच अभंग मानला. पण गाथेंत तो नाहीं. असणें शक्यही नाहीं. जुन्या बाडांत क्षेपक अभंग कसे शिरत असतील याचा हा आपल्या डोळ्यांदेखतचा दाखला होय. पद उत्तम आहे म्हणून तें गाथेंत घालतां येत नाहीं. त्याचप्रमाणें बोलपट उत्तम आहे म्हणून त्याच्या पदरीं न मिळालेला मान घालतां येत नाहीं. आठवल्यांचें पद आठवल्यांच्या नांवानेंच उभें राहिलें म्हणजे त्याची खरी थोरवी दिसते. प्रशस्तिपत्राचेंही तसेंच आहे.

(४)

येथें एक आक्षेप सहज उद्भवतो. महोत्सव मुसोलिनीच्या राज्यांतला, करंडक त्याच्या नांवाचे. मग अशा ठिकाणच्या शिफारशीस तरी किंमत काय? हा आक्षेप टाळून जाण्यासारखा नाहीं. परंतु त्याच १९३७ च्या यादींत त्याचें उत्तरही आहे.

त्या वर्षीं जां रन्वार याचा ‘ला ग्रांद इल्यूजियाँ’ हा फ्रेंच चित्रपट स्पर्धेंत होता. पहिल्या महायुद्धांतील कैद्यांची ही कथा युद्धाच्या वैभवाचा फोलपणा दाखविणारी आहे. युद्धाची तयारी चालविणाऱ्या सत्तांस ती मानवणें शक्य नव्हतें. जर्मनींत व इटलींत तिच्यावर पुढें बंदी आली. मुसोलिनी करंडक तिला मिळाला नाहीं. पण परीक्षकमंडळानें तिला एकंदर कलागुणांबद्दलचें एक पारितोषिक दिलें. म्हणजे करंडक जरी सत्तेच्या मर्जीबाहेर जाऊं शकत नव्हता, तरी करंडकाच्या खालच्या पायरीवर मंडळास आपलें मत नोंदविण्यास कांहीं जागा उरली होती. आमच्या मतें त्या वर्षीच्या निकालांतला विश्वसनीय भाग हाच होय. जेथें सत्तेचा स्वार्थ गुंतला होता तेथें तराजू झुकला. जेथें तो नव्हता तेथें तो बराच सरळ राहिला. एका पराधीन देशांतून, तेथील कोणासही न समजणाऱ्या भाषेंत, सतराव्या शतकांतील एका संतकवीचें चरित्र आलें. त्याची वाहवा करून रोमच्या सत्तेस कांहीं मिळावयाचें नव्हतें, व न केल्यास कांहीं जावयाचें नव्हतें. त्यामुळें ही शिफारस करंडकाहून लहान असली तरी करंडकाहून निर्मळ आहे. तिला ‘तीन सर्वोत्कृष्टांपैकीं एक’ असें म्हणून फुगविणें म्हणजे चोख रुप्याच्या नाण्यावर सोन्याचा मुलामा चढविण्यासारखें आहे. मुलाम्यानें नाण्याचें मोल वाढत नाहीं, उलट पारख्याच्या मनांत शंका मात्र उत्पन्न होते.

राहिला ‘पहिला’ हा शब्द. १९३४ च्या महोत्सवांत, म्हणजे ‘संत तुकाराम’ निघण्यापूर्वीं दोन वर्षें, कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा, देवकी बोस दिग्दर्शित ‘सीता’ हा हिंदी बोलपट दाखविला गेला होता व त्यास सन्मानपत्र मिळालें होतें. तेव्हां कालानुक्रमानें पहिलेपणाचा मान ‘सीता’ या बोलपटाकडे जातो. मराठी वाचकांनीं यांत खट्टू होण्याचें कारण नाहीं, कारण त्या बोलपटांतील सीतेची भूमिका दुर्गा खोटे यांची आहे. ‘सीते’चें सन्मानपत्र परीक्षकमंडळ नसलेल्या वर्षाचें, व ‘तुकारामा’चें मंडळ असलेल्या वर्षाचें, हा दोहोंतला भेद मात्र नोंदवून ठेवण्यासारखा आहे. एक अध्यक्षानें दिलेली भेट, दुसरा पंचांनीं दिलेला महजर, असें त्याचें स्वरूप आहे.

(५)

सत्तेच्या दारचा तराजू किती काळ टिकतो हें पुढच्याच वर्षीं दिसून आलें. १९३८ सालीं मुसोलिनी करंडक लेनी रीफनस्टाल हिच्या, बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांवरील, ‘ऑलिंपिया’ या जर्मन चित्रपटास व ‘लुचानो सेर्रा, पिलोता’ या इटालियन चित्रपटास देण्यांत आला. या दुसऱ्या चित्रपटाच्या निर्मितीवर खुद्द मुसोलिनीचा मुलगा व्हित्तोरिओ याची देखरेख होती. अमेरिकेच्या व इंग्लंडच्या प्रतिनिधींनीं निषेध म्हणून अंग काढून घेतलें. फ्रान्सचे प्रतिनिधि फिलिप एर्लांजे यांनीं स्वदेशीं परततांच स्वतंत्र राष्ट्रांचा निराळा महोत्सव फ्रान्सनें भरवावा अशी कल्पना मांडली. शिक्षणमंत्री जां झे यांनीं ती उचलून धरली, व भूमध्यसमुद्रावरील कान हें शहर मुक्रर झालें. उद्घाटनाचा दिवस ठरला तो १ सप्टेंबर १९३९. त्याच दिवशीं जर्मन सैन्य पोलंडांत शिरलें, व महोत्सव राहिला तो राहिला. जां झे यांस तो पाहावयास मिळाला नाहीं. १९४४ च्या जून महिन्यांत, फ्रान्समधील शत्रुपक्षीय मिलिशियानें त्यांचा वध केला. व्हेनिसचा महोत्सव मात्र युद्धकाळींही १९४२ पर्यंत चालूं ठेवला गेला. १९४० ते १९४२ हीं तीन वर्षें पुढें खुद्द त्या संस्थेनेंच हिशेबांतून वगळलीं. सनद देणाऱ्यानेंच आपल्या सनदा रद्द ठरविण्याचा हा प्रकार लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

कान येथील पहिला महोत्सव अखेरीस १९४६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत भरला. त्यांत मुंबईंत तयार झालेला, चेतन आनंद दिग्दर्शित ‘नीचा नगर’ हा हिंदी बोलपट ‘ग्रां प्री’ म्हणजे महापारितोषिकाचा मानकरी ठरला. हा मान खरा, व तो त्या वेळचा सर्वोच्च मान होता. परंतु आमचा चवथा प्रश्न येथें विचारला पाहिजे : आणखी किती जणांस? उत्तर असें कीं, तें महापारितोषिक एकूण अकरा चित्रपटांस विभागून दिलें गेलें, व ते अकरा चित्रपट अकरा देशांचे होते : फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका, रशिया, इटली, स्वीडन, डेन्मार्क, स्वित्झर्लंड, चेकोस्लोव्हाकिया, मेक्सिको आणि हिंदुस्थान. परीक्षकमंडळही राष्ट्रांच्या प्रतिनिधींचें होतें. युद्धांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या जगानें मैत्रीखातर वांटलेला हा प्रसाद होता. त्यामुळें ‘नीचा नगर’ची योग्यता कमी ठरत नाहीं, त्याच पंक्तींत रोस्सेलिनीचा ‘रोमा, चित्ता आपेर्ता’ व डेव्हिड लीनचा ‘ब्रीफ एन्काउंटर’ हेही बसले होते. किंबहुना अद्याप पारतंत्र्यांत असलेल्या देशास त्या पंक्तींत स्वतःच्या नांवाचें पान मिळालें, हीच त्या मानांतील सर्वांत मोठी गोष्ट होय. पण पंक्ति अकरांची होती हें न सांगतां ‘जगांत पहिला’ एवढेंच सांगणें हें अर्धी सनद वाचण्यासारखें आहे.

याच प्रसंगीं पदव्यांच्या अर्थांतराकडेही लक्ष वेधलें पाहिजे. शिवकालीं पेशवा हा अष्टप्रधानांपैकीं एक. शाहू छत्रपतींच्या निधनानंतर तोच राज्याचा सूत्रधार. शब्द एक, अर्थ दोन. कानच्या ‘ग्रां प्री’चें याच्या उलट झालें. १९५४ पर्यंत तें तेथील सर्वश्रेष्ठ पारितोषिक होतें. १९५५ मध्यें ‘पाम द’ओर’ म्हणजे सुवर्णपर्ण सुरू झालें. १९६४ पासून तें बंद होऊन पुन्हां ‘ग्रां प्री’ सर्वोच्च झालें. १९७५ पासून सुवर्णपर्णच श्रेष्ठ झालें, व ‘ग्रां प्री’ हें नांव दुसऱ्या क्रमांकाच्या पारितोषिकास राहिलें. इ. स. २०२४ मध्यें पायल कपाडिया यांच्या, मुंबईंतील परिचारिकांच्या जीवनावरील, ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटास मिळालें तें हें दुसरें ‘ग्रां प्री’. नांव पाहून १९४६ चा व २०२४ चा मान एकच समजणारा चुकेल. पण १९४६ चा मोठा व २०२४ चा लहान असें समजणाराही चुकेल. पहिला अकरांतला एक. दुसरा एकट्याचा, व तोही मोजक्या निवडलेल्या चित्रपटांच्या स्पर्धेंतला.

(६)

मराठी भाषेपुरतें पाहतां व्हेनिसची वाट पुढें दीर्घकाळ ओस राहिली. १९५७ सालीं सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ या बंगाली चित्रपटानें तेथील सुवर्णसिंह मिळविला, व २००१ सालीं मीरा नायर यांच्या ‘मॉन्सून वेडिंग’नें तो पुन्हां मिळविला. मराठीचें नांव त्या ठिकाणीं पुन्हां ठळकपणें घेतलें गेलें तें चैतन्य ताम्हाणे यांच्यामुळें. त्यांचा ‘कोर्ट’ हा, एका लोकशाहिरावरील खटल्याची कथा सांगणारा चित्रपट २०१४ सालीं ‘ओरिझोन्ती’ म्हणजे क्षितिजें या विभागांत सर्वोत्कृष्ट ठरला. या विभागाचें परीक्षकमंडळ मुख्य स्पर्धेहून निराळें असतें, हें येथेंही नमूद केलेलें बरें. पुढें २०२० सालीं हिंदुस्थानी कंठसंगीताच्या एका साधकावरील त्यांचा ‘द डिसायपल’ मुख्य स्पर्धेंत दाखल झाला, व पटकथेचें पारितोषिक त्यास मिळालें. ‘संत तुकारामा’च्या शिफारशीनंतर त्र्याऐंशी वर्षांनीं मराठी चित्रपटाचें नांव व्हेनिसच्या मुख्य पारितोषिकांच्या यादींत आलें. १९३७ चें प्रशस्तिपत्र जसें आहे तसें वाचलें तरच २०२० च्या या पायरीची उंची कळते. पहिलीच पायरी कळसाएवढी दाखविली तर पुढचें चढणें दिसेनासें होतें.

(७)

आतां त्या प्रशस्तिपत्राचें पुढें काय झालें हें सांगून हा लेख संपवितों. प्रभात कंपनी १९५३ सालीं बंद पडली. १९६० सालीं तिच्या पुण्यांतील आवारांत केंद्र सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था आली. या स्थित्यंतरांत व्हेनिसचें प्रशस्तिपत्र गहाळ झालें. अनेक वर्षें तें कोठें आहे याचा पत्ता नव्हता. अखेर एका चित्रपट-छायालेखकाच्या जपणुकींतून तें २००४ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत दाखल झालें. त्याच्या आदल्याच वर्षीं, २००३ च्या जानेवारींत, पुण्यांत लागलेल्या आगींत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा सांठा, व त्यांत प्रभातच्याही फिती, जळून गेल्या होत्या. ज्याची शिफारस झाली ती कृति व जेणेंकरून झाली तो कागद, दोन्ही किती अल्प आधारावर आपणांपर्यंत पोंचलीं आहेत हें यावरून ध्यानीं येईल. कागद हातीं नव्हता त्या काळांत वाक्य मात्र फोफावलें, यांत नवल कांहींच नाहीं. मूळ दप्तर दृष्टीआड झालें कीं बखर वाढते, हा आपला नेहमींचाच अनुभव आहे.

एकंदर विवेचनावरून आमचे निष्कर्ष असे :

(अ) ‘संत तुकाराम’ या बोलपटास १९३७ सालीं व्हेनिस येथें मिळालेला मान विशेष शिफारशीचा होता. मुख्य करंडक इतर चित्रपटांस मिळाले. ‘तीन सर्वोत्कृष्टांपैकीं एक’ हें वर्णन स्तुतिपर समजावें.

(आ) व्हेनिस येथें सन्मान पावण्यांत कालानुक्रमानें ‘सीता’ (१९३४) हा बोलपट आधींचा आहे.

(इ) १९३७ च्या निकालांत सत्तेचा हात करंडकांवर होता. शिफारस त्या हातापासून दूर होती. म्हणून ती अधिक विश्वसनीय आहे.

(ई) ‘नीचा नगर’चें १९४६ चें महापारितोषिक अकरांचें होतें, व त्या पदवीचा आजचा अर्थ निराळा आहे. यापुढें असे मान नोंदवितांना वर्ष, विभाग, मानाचें मूळ नांव व सहमानकऱ्यांची संख्या हीं चारही नोंदविलीं जावीं.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं पोथ्या व मोडी कागद यांच्या जोडीला जुन्या चित्रपट-कंपन्यांचीं जाहिरातपत्रकें, पदांच्या चोपड्या, पत्रव्यवहार, निमंत्रणपत्रें असे किरकोळ समजले जाणारे कागद पडून असतील. ते पोथीखान्याच्या योग्यतेचे नव्हेत असें समजून कोणी त्यांची आबाळ करूं नये. त्यांचीही यादी करावी. कागदाचा आकार, भाषा, तारीख व तो कोणाकडून आला याची नोंद ठेवावी. व्हेनिसचें एक पान सांपडण्यास जन्माचा काळ लागला. तें सांपडलें नसतें तर आपल्या हातीं केवळ एक गोड वाक्य उरलें असतें.